अजिंठ्याच्या वाटेवर राहून गेलेले भोन

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, त्यामुळे इथल्या माणसाला अजिंठा परका वाटत नाही. शाळेची सहल तिथेच जाते, बाहेरून आलेल्या पाहुण्यांनाही तिथेच नेले जाते. 16 क्रमांकाच्या लेण्यातला शिलालेख सांगतो, की ते लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून दिले. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम. तेव्हा वऱ्हाडचा माणूस अजिंठ्यात पर्यटक म्हणून फिरतो खरा, पण तो एका परीने घरचेच वैभव पाहत असतो.

तरीही बौद्ध स्थळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मूर्ती आणि चित्रेच येतात. अजिंठ्याच्या 30 लेण्यांपैकी 9, 10, 19 आणि 26 ही चैत्यगृहे. उरलेली बहुतेक भिक्षूंच्या निवासाचे विहार. 9 आणि 10 या जुन्या चैत्यगृहांत पूजेचा केंद्रबिंदू मूर्ती नसून स्तूप आहे. पर्यटक मात्र या स्तूपाला वळसा घालून चित्रांकडे वळतो.

असाच एक स्तूप घाटाखाली, पूर्णेच्या काठी, संग्रामपूर तालुक्यातल्या भोन गावी मिळाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने या शतकाच्या पहिल्या दशकात भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केले. विटांच्या स्तूपाचे अवशेष, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी, विटांनी बांधलेला कालवा आणि जुनी नाणी असा मौर्य-सातवाहन काळातल्या भरल्या वस्तीचा पुरावा हाती आला. ज्याने खारपाण पट्ट्यातले पाणी चाखले आहे, त्याला त्या विहिरींचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. अजिंठ्यात व्यापारी आणि राजपुरुषांचे दान दिसते. भोनला त्या दानामागची शेती, पाणी आणि बाजार दिसतो. लेणी डोंगरात कोरली गेली, पण त्यांना पोसणारा समाज अशा काळ्या मातीच्या गावांत नांदत होता.

अडचण अशी, की भोनचे हे स्थळ पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. इथे 'धरण की वारसा' असा सोपा वाद मांडणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे ठरेल. या भागाला पाणी हवेच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भोनकरांनीही कालवा त्याचसाठी बांधला. पण पाणी अडवताना इतिहास बुडवलाच पाहिजे, असेही नाही. आंध्रात नागार्जुनसागर धरण बांधताना 1954 ते 1960 या काळात नागार्जुनकोंड्याचे विस्तृत उत्खनन झाले, महत्त्वाच्या वास्तूंचे अवशेष उंचावर हलवले आणि जलाशयातल्या बेटावर संग्रहालय उभारले. आज लोक तिथे बोटीने जातात.

भोनला असे काही व्हायचे, तर आधी तिथे जाणारे लोक हवेत. शेगावला दर्शनाला येणाऱ्यांची रीघ कधी तुटत नाही, आणि तिथून भोन फारसे लांबही नाही. तिथे पाहण्यासारखे 'काही नाही', असे परतून आलेला सांगेल. विटा, माती आणि पांढरीच्या टेकाडावरची खापरे पाहायची सवय आपल्याला कोणी लावली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती सवय लावून घ्यायला अजून वेळ आहे, पण तो धरणाच्या पाण्याच्या पातळीने मोजावा लागणार आहे.