चार आणे पाणी

टेंभुर्णीतल्या आमच्या जुन्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात एक नोंद आहे : विहिरीत चार आणे हिस्सा. पाणी आण्यांत कसे मोजायचे, हे मला बरीच वर्षे कोडे होते. पाणी मोजलेच जात नव्हते. मोजले जात होते दिवस. आठ दिवसांच्या पाळीत दोन दिवस मोट आपली. उन्हाळ्यात हिस्सा कागदावर तेवढाच राही, मोट मात्र गाळ घेऊन वर येई. (भाऊबंदकीतली निम्मी भांडणे इथलीच.)

सरकारची रीतही फार निराळी नव्हती. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याखाली कालव्याची पट्टी बसे ती पीक आणि क्षेत्र पाहून. पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याचे तत्त्व कायद्यात यायला २००५ साल उजाडले.

आमच्या उशाशी असलेल्या उजनीचे माप तर बाहेरच्याला हसू आणणारे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाचा साठा ११७ टीएमसी; पण त्यातला ६३ हून अधिक मृतसाठा. टक्केवारी मोजतात ती वरच्या ५३ ची. म्हणजे वर्तमानपत्रात 'शून्य टक्के' छापून येते तेव्हा धरणात निम्म्याहून अधिक पाणी असते. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर एका टीएमसीत १४ लाख माणसांचे वर्ष निघते. शून्य कुठे धरायचे, यावर कोणाचे काय जाते ते ठरते.

आता दारात मीटर आहे. काळे आकडे घनमीटरचे, म्हणजे हजार लिटरचे, तांबडे त्याखालचे. वीस लिटरचे दहा कॅन भरून मी तो तपासला. दोनशेला दोनशे, चोख. पण पाणी येते दिवसाआड. येण्याआधी नळी शिटी घालते आणि मीटरमधली चांदणी गरगर फिरते. हवाही लिटरांत चढते. नळ बंद असेल तर ती हवा तुमच्या मीटरमधून जात नाही. पाणी आलेले कळावे म्हणून तोटी उघडी टाकून बसणाऱ्या घराच्या खात्यावर मात्र ती पडते. कराडजवळच्या मलकापूरने मीटरबरोबर चोवीस तास पाणीही दिले. तिथे नळी भरलेलीच असते.

आमच्या गल्लीत तोटी उघडी टाकणारी बहुतेक एकट्या म्हाताऱ्यांची घरे आहेत. त्यांच्या मीटरवरचे शिटीआधीचे आणि शिटीनंतरचे आकडे मी सध्या वहीत उतरवतो आहे.