डार्प-३२ आणि प्रतिपिंडांची साक्ष

प्रथिनांवर फॉस्फेटचा गट चढवणारी आणि तो उतरवणारी अशी दोन प्रकारची विकरे पेशीत असतात. उतरवणाऱ्यांना फॉस्फेटेज म्हणतात, आणि त्यांनाही आवर घालणारी निरोधक प्रथिने असतात, हे १९७०च्या दशकात सशाच्या स्नायूंवरील संशोधनातून स्पष्ट झाले. मेंदूतील असे एक निरोधक मात्र वेगळ्या वाटेने हाती आले. अमेरिकेत पॉल ग्रीनगार्ड यांच्या प्रयोगशाळेत डोपामिन या चेतापेशींमधील संदेशवाहक रसायनाच्या कार्याचा माग काढताना, हालचालींशी निगडित असलेल्या स्ट्रायटम या मेंदूच्या खोल भागात एक मुबलक प्रथिन सापडले व त्याचे वर्णन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. जेलवरील सरकण्यावरून रेणुभार ३२,००० धरून त्याला ‘डार्प-३२’ म्हटले गेले. पुढे खरा रेणुभार जेमतेम २३,००० भरला, तरी नाव चिकटले ते चिकटलेच. ३४व्या स्थानावरील थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढले की ते फॉस्फेटेज-१ला जखडून ठेवते, हे १९८४ मध्ये सिद्ध झाले.

याच सुमारास प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिकारसंस्थेचे रेणू, वापरून मेंदूचे पातळ छेद रंगवले गेले. स्ट्रायटममधील काटेरी चेतापेशी शाखांच्या टोकांपर्यंत रंगल्या. सबस्टॅन्शिया नायग्रा या मेंदूच्या दुसऱ्या भागात त्यांच्या तंतूंची दाट जाळी उमटली, पण तिथल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कोऱ्याच राहिल्या. हे प्रथिन डोपामिन देणाऱ्या नव्हे, तर घेणाऱ्या पेशींचे आहे, याचा इतका थेट पुरावा रासायनिक पृथक्करणातून मिळणे अवघड होते.

तरीही प्रथिन कोठे आहे एवढेच त्यातून कळे, ते कोणत्या अवस्थेत आहे हे नव्हे. १९९०च्या दशकात फॉस्फेटसह थ्रिओनिन-३४ ओळखणारी प्रतिपिंडे वापरात आल्यावर ही उणीव भरून निघाली. मात्र मृत्यूनंतर फॉस्फेट झपाट्याने गळत असल्याने अनेक प्रयोगांत उंदरांच्या मेंदूतील विकरे सूक्ष्मलहरींच्या केंद्रित झोताने क्षणार्धात थांबवावी लागत. १९९९ मध्ये तर थ्रिओनिन-७५वर फॉस्फेट चढल्यास हेच प्रथिन उलट प्रोटीन कायनेज-एला, म्हणजे थ्रिओनिन-३४वर फॉस्फेट चढवणाऱ्या विकरालाच, रोखते असे दिसले. नंतर जठराच्या कर्करोगात त्याचे आखूड रूप आढळले, ज्यात थ्रिओनिन-३४ असलेला आरंभीचा भागच नसतो. शेपटाकडील भागावर बसणारे प्रतिपिंड पूर्ण आणि आखूड अशा दोन्ही रूपांना सारखेच चिकटते. म्हणून या प्रथिनाविषयीचा कोणताही निष्कर्ष स्वीकारण्यापूर्वी प्रतिपिंड कोणत्या भागावर बसते, हे तपासणे अपरिहार्य ठरते.