तळटीप : बंदरासमोरील 'हार्बर बार' आणि जागेवर तयार होणारी बिअर

'हार्बर बार' हे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील, बंदराकडे तोंड असलेले मद्यगृह होय. हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले, तर हा बार १९३३ मध्ये उघडला आणि शहरातील पहिले परवानाधारक मद्यगृह म्हणून तो ओळखला जातो. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केल्यावर मद्य बाळगण्यास व पिण्यास वैयक्तिक परवाना आवश्यक ठरला. आजही गावोगावच्या पाट्यांवर दिसणारा 'परमिट रूम' हा शब्द त्याच व्यवस्थेतून आला आहे, आणि तो कायदा सुधारणांसह महाराष्ट्रात अद्याप लागू आहे.

मद्यगृहातच बिअर तयार करून तेथेच देण्याची पद्धत, म्हणजे मायक्रोब्रुअरी, राज्यात बरीच उशिरा आली; पुण्यातील 'डुलाली' २००९ मध्ये सुरू झाली व ती राज्यातील अशी पहिली ब्रुअरी मानली जाते. कोल्हार परिसरातील वाचकाला मद्यनिर्मिती म्हटले की जवळच्या प्रवरानगरची आसवनी, म्हणजे डिस्टिलरी, आठवेल, परंतु त्या दोन प्रक्रियांची गल्लत करू नये : आसवनीत साखर कारखान्याची मळी आंबवून, उकळून, वाफेतून मद्यार्क वेगळा काढतात, तर ब्रुअरीत जव भिजवून, मोड आणून वाळवतात, भरडून गरम पाण्यात त्यातील साखर उतरवतात, तो रस हॉप्स या वेलीच्या कडसर फुलांसह उकळतात आणि थंड झाल्यावर यीस्ट घालून आंबवतात. बिअरमध्ये ऊर्ध्वपातन, म्हणजे वाफेतून मद्यार्क वेगळा काढणे, मुळीच नसते, म्हणूनच तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण कमी राहते.