गाळणी का तुंबते?

मित्रहो, गाळणी तुंबली की आपण म्हणतो, ती बिघडली. अहो, ती गाळत होती म्हणूनच तुंबली! पाणी शुद्ध करणाऱ्या मेम्ब्रेनचा इतिहास आज आपण याच नजरेनं पाहू.

१९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचं मेम्ब्रेन तयार केलं. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावाला तशा मेम्ब्रेनमधून गोडं पाणी मिळू लागलं. हे मेम्ब्रेन थोडंफार क्लोरीन सोसायचं, पण जिवाणू तेच खायचे. पुढे सत्तरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडचा अतिपातळ थर आणला. कमी दाबात जास्त पाणी, आणि जिवाणूंना ते पचेना. पण क्लोरीननं त्याचीच वाट लागते! म्हणून कारखान्यात पाण्यात आधी क्लोरीन घालतात आणि मेम्ब्रेनच्या तोंडाशी सोडियम बायसल्फाइटनं ते संपवतात. म्हणजे ऐन दारातच राखणदार नाही. वाचलेले जिवाणू तिथं बुळबुळीत थर धरतात, दाब वाढवावा लागतो, विजेचं बिल चढतं.

सूक्ष्म गाळणीच्या मेम्ब्रेनबाबत १९९५ मध्ये रॉबर्ट फील्ड आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न मांडला: कोणत्या वेगापर्यंत पाणी ओढलं, तर साका धरतच नाही? त्या मर्यादेला 'क्रिटिकल फ्लक्स' म्हणतात. इतकी वर्षं आपण मेम्ब्रेन बदलत होतो. इथं आपली घाई मोजली गेली. साक्याच्या हिशेबात तीही धरावी लागते, मित्रहो.