तणाच्या आसऱ्यानें राहणारे जीव



‘तण खाई धन’ ही म्हण आपल्या शेतकऱ्यांनीं अनुभवानें घडविलेली आहे, व ती यथार्थ आहे. परंतु जें तण आपलें धन खातें, तेंच आणखी कोणा जीवांचें धन असतें काय, हा विचार मनुष्यास फार उशिरां सुचला. तो कसा सुचला, याचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत वनस्पतींच्या वाढीचें नियमन करणाऱ्या द्रव्यांविषयीं गुप्तपणें संशोधन चाललें होतें. त्यांतून एम.सी.पी.ए. व टू-फोर-डी हीं औषधें निघालीं आणि युद्ध संपतांच, १९४५-४६ च्या सुमारास, बाजारांत आलीं. रुंद पानांचें तण मरावें आणि गहूं, सातू यांसारखीं गवतवर्गांतील पिकें मात्र उभीं रहावीं, हा त्यांचा गुण. अनेक दिवसांची निंदणी कांहीं तासांत उरकूं लागली. औषध वनस्पतींवरचें, तेव्हां कोळी, भुंगेरे व फुलपांखरें यांस त्यापासून भय तें कसलें, अशी सामान्य समजूत होती.

या समजुतीस मोठा धक्का बसला तो एका पक्ष्यामुळें. इंग्लंडांतील धान्याच्या शेतांत राहणारा करडा तित्तिर हा तेथील शिकारी लोकांच्या विशेष आवडीचा. १९५० नंतर त्याची संख्या झपाट्यानें घटूं लागली. १९६८ सालीं डिक पॉट्स या शास्त्रज्ञानें ससेक्स परगण्यांतील टेकड्यांवरच्या सुमारें ६२ चौरस किलोमीटर मुलखांत याचा शोध आरंभिला. १९७० पासून तर दर जून महिन्यांत पिकांतील कीटक व कोळी यंत्रानें शोषून घेऊन मोजण्याचा परिपाठ तेथें पडला.

तित्तिर मोठेपणीं दाणे व पाला खातो. परंतु त्याच्या पिलांना पहिले दोन आठवडे कीटकच लागतात. नॉटग्रास नांवाचें जमिनीलगत पसरणारें एक तण आहे. त्यावर एक लहानसा भुंगेरा पोसला जातो, आणि तो या पिलांचें खाद्य होय. औषधानें तण गेलें, तणाबरोबर भुंगेरा गेला, आणि पिलें उपाशीं राहिलीं. साउथवुड व क्रॉस यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, औषध फवारलेल्या शेतांत कीटकादि संधिपाद प्राणी सुमारें निम्मेच आढळले. पुढें १९८० नंतरच्या दशकांत शेताच्या कडेची सहा मीटर रुंदीची पट्टी अशा औषधांपासून मोकळी ठेवण्याचा प्रयोग झाला. तेव्हां तित्तिराचीं अधिक पिलें जगूं लागलीं.

आतां कोळ्याकडे वळूं. १९७४ सालीं ग्लायफोसेट हें तणनाशक विक्रीस आलें आणि अल्पावधींत जगभर पसरलें. इंग्लंडांतील शास्त्रज्ञांनीं शेताच्या कडेच्या गवतांत जाळीं विणणाऱ्या एका चिमुकल्या कोळ्यावर त्याची परीक्षा केली. प्रयोगशाळेंत औषधानें कोळी फारसे मेले नाहींत. शेतांत मात्र त्यांची संख्या घटली. गवत सुकून आडवें झालें, म्हणजे जाळ्याचे धागे बांधावयाचे कोठें? घराचे वासेच काढून घेतल्यावर घरधन्यास हात न लावला तरी तो राहणार कसा?

अमेरिकेंतील ओहायो राज्यांत २०१० व २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनीं याहून सूक्ष्म गोष्ट दाखविली. जाळें न विणतां जमिनीवर धांवून शिकार करणाऱ्या एका जातीच्या कोळ्यावर या औषधाचा परिणाम पाहिला गेला. त्याच्या हालचाली बदलल्या. इतकेंच नव्हे, तर मादीच्या वासावरून तिचा माग काढण्याची नराची शक्तिहि मंदावली. लागलीच मेला नाहीं, म्हणून जीवास अपाय झाला नाहीं, असें मानणें किती अपुरें आहे, हें यावरून दिसतें.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनीं करावयास हवा. १९९९ ते २००३ या काळांत ब्रिटनमध्यें तणनाशक सोसणाऱ्या नव्या वाणांची मोठी परीक्षा झाली; एकाच शेताच्या अर्ध्या भागांत नवें वाण, अर्ध्यांत जुनें. बीट व मोहरीवर्गांतील पिकांच्या नव्या वाणांत फुलपांखरें घटलीं. मक्यांत मात्र उलट झालें, कारण जुन्या मक्यावरचें औषध अधिक कडक होतें. मेलेल्या तणावर जगणारे मातींतील उड्या मारणारे सूक्ष्म जीव तर वाढले. यावरून इतकें ठरतें कीं, अमुक औषध वाईट किंवा चांगलें, एवढ्यानें भागत नाहीं. त्यामुळें शेतांत काय उरतें, हें पहावें लागतें.

आज आपल्याकडेहि कापूस व सोयाबीनच्या शेतांत तणनाशक आलेलें आहे. निंदणीस माणसें मिळत नाहींत, हें खरें. आणि दिवसभर वांकून खुरपें चालविणाऱ्या बायांच्या पाठीचें दुःख शहरांत बसून विसरणें मला योग्य वाटत नाहीं. शेतकऱ्यास दोष देण्यासाठीं हें भाषण नाहीं. परंतु कोळी हा पिकावरील मावा व तुडतुडे खाणारा, मजुरी न मागणारा राखणदार आहे. पिकांतील तण काढावें. बांधावरचें गवत मात्र त्या राखणदारासाठीं राहूं द्यावें. इंग्लंडांतील सहा मीटरच्या पट्टीनें जें शिकविलें, तें आपल्या बांधासहि लागू आहे, असें मला वाटतें.