पंखा हळू फिरतोय? कपॅसिटर घरच्या घरी असा बदला

मे महिना, कोपरीत खाडीकडून येणारी दमट हवा आणि डोक्यावर ५ नंबरवरही रेंगाळणारा पंखा. इलेक्ट्रिशियन "उद्या येतो" म्हणतो आणि तो उद्या काही उजाडत नाही. अशा वेळी बऱ्याचदा दोष निघतो तो शंभर रुपयांच्या आत मिळणाऱ्या कपॅसिटरचा.

साध्या सीलिंग फॅनच्या मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात. आपल्या घरात येणारी २३० व्होल्टची सिंगल फेज वीज मोटरला स्वतःहून फिरवू शकत नाही. कपॅसिटर एका वाइंडिंगमधला करंट थोडा पुढे सरकवतो, त्यातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पंखा सुटतो. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन कपॅसिटरची क्षमता घटते. थोडी घटली की पंखा मंदावतो, पूर्ण गेली की नुसता गुणगुणतो.

आधी खात्री करा

रेग्युलेटर ५ वर ठेवा. ५ वर ठीक आणि १ ते ४ वर गडबड असेल तर दोष रेग्युलेटरचा. घरातले सगळेच पंखे मंद असतील तर व्होल्टेज कमी आहे, महावितरणच्या १९१२ वर तक्रार करा. पंखा गुणगुणतोय पण सुटत नाही? लाकडी काठीने पातं हलकेच ढकला (हाताने नाही!). ढकलल्यावर फिरायला लागला तर कपॅसिटर गेला. बंद पंखा हाताने फिरवताना जड लागत असेल किंवा खरखरत असेल तर बेअरिंग बघावं लागेल, ते काम दुकानातच द्या.

तुमचा पंखा बीएलडीसी असेल तर इथेच थांबा. त्यात सर्किट बोर्ड असतो, ही पद्धत त्याला लागू नाही.

वीज बंद म्हणजे एमसीबी बंद

या टप्प्यावर घाई नको. जुन्या इमारतींत कधी कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं सापडतं. म्हणजे बटण बंद, पंखा बंद, पण वर वायरीत फेज जिवंत! म्हणून त्या खोलीचा एमसीबी किंवा थेट मेन स्विच बंद करा आणि घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी "लाइट गेली वाटतं" म्हणत तो चालू करेल. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून घ्या, मग पंख्याच्या प्रत्येक वायरीला लावून बघा. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढू नका. लाकडी घोडा किंवा भक्कम स्टूल घ्या, पायात रबरी चप्पल आणि खाली धरायला माणूस हवाच.

आता काम

कपॅसिटर बहुतेक वेळा मोटरच्या वरच्या वाटीत असतो. वाटीचा स्क्रू सैल करून ती सरकवा आणि काहीही सोडवायच्या आधी मोबाइलने तीन-चार बाजूंनी फोटो काढा. कोणती वायर कुठे होती हे पाच मिनिटांनी आठवत नाही, अनुभवाने सांगतोय. कपॅसिटरवरचा छापील आकडा झूम करून टिपा. साधारण २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट असं काहीतरी असेल.

कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. त्याचा झटका छोटा असला तरी उंचावर तोल जायला पुरेसा आहे. इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने त्याची दोन्ही टोकं क्षणभर जोडा, मगच सोडवा.

नवा कपॅसिटर त्याच आकड्याचा घ्या. "३.१५ टाक, पंखा विमानासारखा फिरेल" असं सांगणारे भेटतील. ऐकू नका, वाइंडिंग तापतं. कोपरीतल्या कुठल्याही इलेक्ट्रिकल दुकानात तो मिळेल. लोहार चाळीपर्यंत जायची गरज घाऊक खरेदीलाच.

कपॅसिटरच्या दोन वायरींत उलटसुलट असं काही नसतं. त्या जुन्याच्याच जागी, कनेक्टरमध्ये घट्ट बसवा, नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू नका. वर आहातच तर दांड्याच्या बोल्टमधली स्प्लिट पिन जागेवर आहे ना तेही बघा. पंखा पडू नये म्हणून असलेली ती पिन दुरुस्तीनंतर विसरलेली सापडते.

खाली उतरून एमसीबी चालू करा. पंखा उलटा फिरून वारा वर फेकत असेल तर मोटरच्या वायरी अदलाबदल झाल्यात. लगेच पुन्हा एमसीबी बंद करा आणि मघाचे फोटो उघडा.