वेब डिझाइन : शिक्षण, प्रमाणपत्र आणि त्यांचे मोल

बारावीचे निकाल जवळ आले की संगणक वर्गांच्या जाहिरातींना बहर येतो. काही महिन्यांत वेब डिझायनर घडविण्याचे आश्वासन, त्यासोबत एक देखणे प्रमाणपत्र आणि नोकरीची हमी असे त्यांचे साधारण स्वरूप असते. अशा वर्गांचे शुल्क अनेक कुटुंबे बचत मोडून भरतात. म्हणूनच कोणते प्रमाणपत्र नेमके काय सिद्ध करते, हे प्रवेशापूर्वीच समजून घेणे हिताचे ठरते.

वैद्यक किंवा वकिली करण्यासाठी कायद्याने नोंदणी बंधनकारक आहे. वेब डिझाइनला असा कोणताही परवाना लागत नाही. त्यामुळे या क्षेत्रातील प्रमाणपत्र म्हणजे व्यवसायाचा अधिकार नव्हे. धारकाने अमुक अभ्यास पूर्ण केला, एवढीच ती साक्ष असते. साक्ष देणारी संस्था कोण आणि तिने परीक्षा कशी घेतली, यावर तिचे वजन ठरते.

कामाचे स्वरूप

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. पुढे मजकुराची रचना सांगणारी एचटीएमएल, १९९५ मध्ये आलेली जावास्क्रिप्ट आणि १९९६ मध्ये प्रमाणित झालेली सीएसएस ही या विद्येची तीन अंगे ठरली. एचटीएमएल पृष्ठाचा सांगाडा उभा करते, सीएसएस त्याला रूप देते आणि जावास्क्रिप्ट त्यात हालचाल आणते. ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडलेल्या ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचनेमुळे एकच पृष्ठ मोबाइलच्या आणि संगणकाच्या पडद्यावर यथायोग्य बसविणे शक्य झाले. आज या रचनेवाचून कोणताही अभ्यासक्रम पूर्ण म्हणता येत नाही.

व्यवहारात या कामाच्या दोन शाखा आहेत. फिग्मासारख्या साधनात पृष्ठाचा आराखडा, रंगसंगती आणि वापरकर्त्याचा मार्ग आखणे ही पहिली. तो आराखडा संकेतांत उतरविणे ही दुसरी. चित्रकलेचा कल असलेल्याने पहिलीकडे आणि तर्काची आवड असलेल्याने दुसरीकडे वळणे स्वाभाविक आहे. लहान कार्यालयांत मात्र बहुधा एकाच व्यक्तीला दोन्ही कामे करावी लागतात.

शासनमान्य मार्ग

दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील ‘कोपा’, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट, हा एक वर्षाचा अभ्यासक्रम उपलब्ध असतो. त्यात वेबपृष्ठ बांधणीची प्राथमिक ओळख होते आणि उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. केंद्र सरकारच्या ‘नायलिट’ संस्थेच्या ‘ओ लेव्हल’ परीक्षेत वेब डिझायनिंग अँड पब्लिशिंग हा स्वतंत्र विषय आहे. लेखी परीक्षेसोबत प्रात्यक्षिकही द्यावे लागत असल्याने ही पात्रता केवळ हजेरीवर मिळत नाही.

दीर्घ मुदतीचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी गोव्यात पॉलिटेक्निकची संगणक पदविका, महाविद्यालयांतील बीसीए आणि पणजीच्या आल्तिनो टेकडीवरील गोवा कला महाविद्यालयातील उपयोजित कलेची पदवी असे मार्ग आहेत. कला महाविद्यालयात वेबची तंत्रे हा मुख्य विषय नसला, तरी अक्षररचना, अवकाशाची जाण आणि रंगविचार यांचा तेथे होणारा संस्कार अल्पकालीन वर्गात मिळणे कठीण असते.

ऑनलाइन प्रमाणपत्रे

केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ मंचावरील अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. ‘फ्रीकोडकॅम्प’ या ना-नफा संस्थेचे शिक्षण आणि प्रमाणपत्र दोन्ही विनामूल्य असून, ते मिळविण्यासाठी विद्यार्थ्याला स्वतः प्रकल्प उभारावे लागतात. ‘कोर्सेरा’वर गूगल आणि मेटा या कंपन्यांचे सशुल्क अभ्यासक्रम आहेत. यांपैकी बहुतेक इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने आरंभी तांत्रिक संज्ञांची वही ठेवणे उपयुक्त ठरते.

एखाद्या विशिष्ट साधनावरच आधारलेल्या प्रमाणपत्राचे आयुष्य त्या साधनाइतकेच असते. एकेकाळी वेबवरील चलचित्रांसाठी ‘फ्लॅश’ हे अनिवार्य मानले जाई. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार थांबविला आणि ते कौशल्य वेबपुरते निरुपयोगी झाले. एचटीएमएल आणि सीएसएसचे ज्ञान मात्र आजही टिकून आहे. पाया आधी, साधन नंतर, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा.

सुलभता आणि मराठी

दृष्टिहीन किंवा अन्य दिव्यांग व्यक्तींना वापरता येईल असे संकेतस्थळ घडविणे हे आता स्वतंत्र कौशल्य मानले जाते. त्याचे आंतरराष्ट्रीय निकष ‘डब्ल्यूसीएजी’ या नावाने ओळखले जातात, त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका प्रकाशभेद असावा, हा त्यांतील एक नियम. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आणि सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी या विषयाला बळ दिले आहे. तरीही अनेक खासगी वर्गांत तो शिकविलाच जात नाही.

देवनागरीच्या बाबतीतही अशीच उणीव आढळते. मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली येत असल्याने इंग्रजीसाठी ठरविलेले ओळींतील अंतर मराठीला अपुरे पडते. पृष्ठाची भाषा मराठी असल्याची खूण संकेतांत केल्यास, तशी सोय असलेल्या टंकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची रूपे उमटतात. ज्याला हे बारकावे ठाऊक आहेत, त्याला मराठी, कोंकणी वा हिंदी संकेतस्थळांच्या कामात वेगळे स्थान मिळू शकते.

शुल्क भरण्यापूर्वी

पदवी किंवा पदविका देऊ करणाऱ्या संस्थेला विद्यापीठ वा तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का, हे त्यांच्या अधिकृत यादीत पडताळावे. कौशल्य अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात नोंदला आहे का, हेही पाहावे. मागील विद्यार्थ्यांनी तयार केलेली, प्रत्यक्ष चालू असलेली संकेतस्थळे दाखविण्याची मागणी करावी. नोकरीची हमी आणि शुल्क परताव्याच्या अटी लेखी घ्याव्यात. शुल्क हप्त्याने भरण्याची सोय असल्यास संपूर्ण रक्कम एकदम देऊ नये.

अखेरीस मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा कामाचा संग्रहच अधिक बोलतो. गावातील वाचनालय, एखादे लहान अतिथिगृह किंवा स्वयंसहाय्य गट यांच्यासाठी बांधलेली तीन-चार संकेतस्थळे, प्रत्येकात कोणती अडचण आली आणि ती कशी सोडविली याच्या टिपणासह मांडली, तर नवख्या उमेदवाराचीही योग्यता स्पष्ट होते. प्रमाणपत्र मुलाखतीचे दार उघडू शकते. पुढचे काम या संग्रहालाच करावे लागते.